विल्यम अँगस

विल्यम अँगस (जन्म: २८ फेब्रुवारी १८८८, मृत्यू: १४ जून १९५९) हे स्कॉटलंडमधील कोळसा खाणकामगार, फुटबॉल खेळाडू आणि पहिल्या महायुद्धातील सैनिक होते. ग्लासगोच्या सेल्टिक या नामांकित क्लबशी त्यांचा काही काळ करार होता. तेथे जम न बसल्याने ते विशॉ थिसल या लहान क्लबात गेले आणि महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास त्या संघाचे कर्णधार होते. १२ जून १९१५ रोजी फ्रान्समधील गिव्हन्शी या गावाजवळ त्यांनी शत्रूच्या खंदकासमोर जखमी होऊन पडलेल्या लेफ्टनंट जेम्स मार्टिन यांचे प्राण वाचविले. या कामगिरीत त्यांना सुमारे चाळीस जखमा झाल्या, एक डोळा गेला आणि फुटबॉल कायमचा सुटला. या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश सैन्यातील सर्वोच्च सन्मान मिळाला. अँगस आणि मार्टिन हे दोघेही लॅनार्कशायर परगण्यातील कार्लूक या एकाच गावचे होते.

अँगस यांचा उल्लेख पुष्कळदा ‘व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारा सेल्टिकचा खेळाडू’ असा केला जातो. हे वर्णन खोटे नाही, पण ते दिशाभूल करणारे आहे. त्यांचे खेळाडू म्हणून खरे आयुष्य लहान गावांच्या लहान मैदानांवर गेले आणि खेळणे थांबल्यानंतरही ते त्याच मैदानांशी बांधलेले राहिले.

जन्म आणि गाव

अँगस यांचा जन्म स्कॉटलंडच्या वेस्ट लोदियन भागातील आर्माडेल येथे झाला. आर्माडेल हे एडिंबरा आणि ग्लासगो या दोन शहरांच्या साधारण मध्यावरील खाणींचे व वीटभट्ट्यांचे गाव. विल्यम लहान असतानाच अँगस कुटुंब कार्लूकला येऊन राहिले. पुढील सर्व आयुष्यात ‘गाव’ म्हटले की त्यांच्यासाठी ते कार्लूकच होते.

कार्लूक हे ग्लासगोच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरवर, क्लाइड नदीच्या खोऱ्याच्या वरच्या कडेला वसलेले गाव आहे. आजही त्याची लोकसंख्या चौदा हजारांच्या आसपासच आहे. या गावाला दोन चेहरे होते. खाली नदीकाठच्या उतारांवर फळबागा होत्या. सफरचंद, आलुबुखार, स्ट्रॉबेरी यांसाठी हे खोरे प्रसिद्ध होते आणि त्या फळांच्या आधाराने कार्लूकमध्ये मुरांब्याचा कारखानाही उभा राहिला. वरच्या अंगाला कोळसा, चुनखडी आणि विटांची माती होती. १८४८ मध्ये रेल्वे आल्यावर हा कोळसा लोखंडाच्या भट्ट्यांपर्यंत सहज पोहोचू लागला. गरीब घरातील मुलगा शाळा सुटली की बागेत जाईल की खाणीत, हे बहुधा त्याचा बाप काय करतो यावर ठरे. विल्यम खाणीत गेले.

भूमापनाच्या इतिहासाचे विद्यार्थी कार्लूकला आणखी एका कारणासाठी ओळखतात. स्कॉटलंडचे लष्करी सर्वेक्षण करणारे आणि ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा-संस्थेच्या स्थापनेला ज्यांच्या कार्याची पार्श्वभूमी लाभली, ते विल्यम रॉय १७२६ मध्ये या गावालगतच्या मिल्टनहेड येथे जन्मले.

खाण आणि फुटबॉल

लॅनार्कशायर आणि त्याच्या शेजारच्या परगण्यांतील खाणवस्त्यांनी फुटबॉलला जितकी माणसे दिली, तितकी क्वचितच कोणत्या प्रदेशाने दिली असतील. पुढील काळात मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक म्हणून गाजलेले मॅट बझ्बी बेल्सहिलजवळच्या ऑर्बिस्टन या खाणवस्तीतले, सेल्टिकचे जॉक स्टीन बर्नबँकचे आणि लिव्हरपूलचे बिल शँक्ली एअरशायरच्या सीमेवरील ग्लेनबक या खेड्यातले. तिघांनीही तरुणपणी खाणीत काम केले होते.

याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी मिळू लागल्यावर कामगारांना दुपार मोकळी सापडली. १९०८ च्या कायद्याने जमिनीखालच्या कामाचे तास मर्यादित झाले. फुटबॉलला चेंडूखेरीज विशेष साहित्य लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, व्यावसायिक खेळाडूला मिळणारा पगार हा खाणीतून बाहेर पडण्याच्या फारच थोड्या वाटांपैकी एक होता. मुलगा चांगला खेळतो असे दिसले की घरातील माणसे त्याकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहत नसत.

‘ज्युनियर’ या शब्दाविषयी

अँगस यांची कारकीर्द समजण्यासाठी स्कॉटिश फुटबॉलची तत्कालीन उतरंड ध्यानात घ्यावी लागते. तेथील शब्द परक्या वाचकाला हमखास चकवतात. स्कॉटलंडमध्ये ‘ज्युनियर फुटबॉल’ म्हणजे मुलांचे फुटबॉल नव्हे. तो वयाचा नसून दर्जाचा आणि संघटनेचा भेद आहे. ज्युनियर क्लबांची स्वतंत्र संघटना होती, त्यांच्या स्पर्धा व चषक वेगळे होते, आणि त्यांत तिशीतले, संसारी पुरुषही खेळत. आठवडाभर खाणीत किंवा गिरणीत राबून शनिवारी खेळणारे हे खेळाडू थोडाफार मोबदला घेत. जवळजवळ प्रत्येक खाणवस्तीचा असा एक क्लब असे. कार्लूकचा कार्लूक रोव्हर्स हा त्यांपैकीच एक.

त्यावर ‘सीनियर’ क्लब. त्यांतही दोन थर होते. वरच्या थरातले क्लब स्कॉटिश फुटबॉल लीगच्या पहिल्या किंवा दुसऱ्या विभागात खेळत. उरलेले सीनियर क्लब या लीगबाहेर राहून प्रादेशिक स्पर्धांवर गुजराण करीत. विशॉ थिसल या खालच्या थरातला क्लब होता. विशॉ हे कार्लूकपासून आठ-नऊ किलोमीटरवरचे, कोळसा आणि पोलाद यांवर जगणारे गाव. सायकलने सहज जाता येईल इतक्या अंतरावरचा हा संघ आणि ग्लासगोतला सेल्टिक यांच्यात अंतर मात्र फार मोठे होते.

सेल्टिक आणि विशॉ थिसल

१९१० च्या दशकाच्या प्रारंभी कार्लूक परिसरातील स्थानिक फुटबॉलमधून अँगस सेल्टिकमध्ये गेले. खाणीतल्या तरुणासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती हे सांगायला नको. परंतु तो काळ नवख्याला अनुकूल नव्हता. व्यवस्थापक विली मेली यांच्या हाताखाली सेल्टिकने १९०५ ते १९१० अशी सलग सहा वर्षे लीग जिंकली होती. १९१३-१४ च्या हंगामात त्यांनी लीग आणि स्कॉटिश चषक असा दुहेरी मान मिळविला. त्या हंगामातील ३८ लीग सामन्यांपैकी सेल्टिकने ३० जिंकले आणि अवघे ३ गमावले. अशा संघात पहिल्या अकरा जणांत स्थान मिळविणे भल्याभल्यांना जमले नसते. अँगस यांनाही ते जमले नाही आणि १९१४ मध्ये क्लबने त्यांना करारातून मोकळे केले.

त्या वेळी ते सव्वीस वर्षांचे होते. फुटबॉलमध्ये हे वय परतीचे मानले जात नाही, पण मोठ्या क्लबाने सोडलेल्या सव्वीस वर्षांच्या खेळाडूला दुसरा मोठा क्लब सहसा विचारीत नाही. अँगस विशॉ थिसलला गेले आणि तेथे त्यांच्याकडे कर्णधारपद आले. चरित्रलेखनात ही घटना ‘घसरण’ म्हणून एका ओळीत उरकली जाते. ते योग्य वाटत नाही. सेल्टिकमध्ये ते राखीव खेळाडू होते. विशॉमध्ये संघातील इतर दहा जण त्यांच्याकडे पाहून खेळत होते. लहान क्लबाचा कर्णधार म्हणजे केवळ नाणेफेकीला जाणारा माणूस नव्हे. दिवसभर खाणीत काम करून आलेल्या, पराभवाने चिडलेल्या आणि मोबदला वेळेवर मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या माणसांना त्याला एकत्र धरून ठेवावे लागते.

महायुद्ध आणि फुटबॉल

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन युद्धात उतरले आणि थोड्याच दिवसांत फुटबॉलवर टीकेची झोड उठली. धडधाकट तरुण चेंडूमागे धावत आहेत आणि हजारो धडधाकट तरुण ते पाहत आहेत, असा टीकेचा सूर होता. २५ नोव्हेंबर १९१४ रोजी एडिंबराच्या हार्ट्स क्लबचे अकरा खेळाडू एकदम सैन्यात दाखल झाले. सर जॉर्ज मॅक्रे यांनी उभारलेल्या रॉयल स्कॉट्सच्या १६ व्या बटालियनमध्ये ते गेले आणि त्यांच्या या कृतीने वादाचा रोख बराच बदलला. स्कॉटिश चषक स्पर्धा त्या हंगामापासून थांबविण्यात आली. लीगचा पहिला विभाग युद्धकाळातही चालू राहिला. दुसरा विभाग १९१५ मध्ये बंद पडला. लीगबाहेरच्या लहान क्लबांची अवस्था तर अधिकच बिकट झाली, कारण त्यांचे खेळाडू आणि प्रेक्षक दोन्ही भरतीत निघून गेले.

अँगस हायलंड लाइट इन्फंट्रीच्या ८ व्या बटालियनमध्ये होते. ही ‘टेरिटोरियल’ बटालियन होती. टेरिटोरियल फोर्स ही १९०८ मध्ये उभारलेली अर्धवेळ फौज. तिच्यातील माणसे आपापले धंदे सांभाळून आठवड्यातील ठराविक संध्याकाळी कवायत करीत आणि वर्षातून एकदा छावणीला जात. मूळ कायद्याप्रमाणे त्यांच्यावर परदेशात लढण्याची सक्ती नव्हती. त्यासाठी प्रत्येकाने स्वतंत्र संमती द्यायची होती. या फौजेचे एक वैशिष्ट्य पुढील घटनेसाठी महत्त्वाचे आहे. तिच्या कंपन्या गावागावांतून उभ्या केलेल्या असत. एका कंपनीतील शिपाई, हवालदार आणि अधिकारी एकाच बाजारपेठेतले, एकाच रस्त्यावरचे, क्वचित एकाच शाळेतले असत. अधिकारी सुखवस्तू घरातला आणि शिपाई खाणीतला हा भेद होताच, पण दोघांनाही परस्परांची घरे ठाऊक असत.

१९१४ च्या नोव्हेंबरमध्ये रॉयल स्कॉट्सची ८ वी बटालियन फ्रान्सला रवाना झाली. तिची संख्या पुरी करण्यासाठी इतर टेरिटोरियल बटालियनांतील माणसे तिला जोडण्यात आली. अँगस आणि लेफ्टनंट मार्टिन हे लॅनार्कशायरच्या अशा तुकडीतून रॉयल स्कॉट्सबरोबर लढत होते. अँगस यांचा हुद्दा लान्स कॉर्पोरलचा होता. भारतीय सैन्यात ज्याला लान्स नायक म्हणतात, तोच हा.

गिव्हन्शी, १२ जून १९१५

गिव्हन्शी हे उत्तर फ्रान्समधील ला बासे कालव्याजवळचे एक लहान गाव. सपाट, पाणथळ मुलखात ते किंचित उंचवट्यावर असल्याने दोन्ही सैन्यांना ते हवे होते. १९१४ च्या डिसेंबरमध्ये याच गावासाठी हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मीरत या डिव्हिजन कडाक्याच्या थंडीत लढल्या होत्या. पुढील सहा महिन्यांत खंदक स्थिरावले, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आले आणि जमिनीखाली सुरुंग खणण्याची चढाओढ सुरू झाली.

११ जूनच्या रात्री लेफ्टनंट मार्टिन यांनी हातबाँब फेकणारी एक तुकडी घेऊन जर्मन खंदकासमोरील बांधावर छापा घातला. जर्मनांनी सुरुंग उडविला आणि छापा फसला. तुकडी मागे फिरली तेव्हा मार्टिन तिच्यात नव्हते. रात्री शोध घेऊनही ते सापडले नाहीत. पहाटे उजाडल्यावर ते दिसले. जर्मन खंदकाच्या तोंडापासून अवघ्या काही यार्डांवर ते पडलेले होते आणि त्यांच्या अंगात अद्याप हालचाल होती.

अशा प्रसंगी रात्रीची वाट पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग मानला जाई. परंतु जखमी माणूस उन्हात, पाण्यावाचून रात्रीपर्यंत तग धरील याची शक्यता कमी होती, आणि शत्रूच्या इतक्या जवळ तो किती वेळ जिवंत राहू दिला जाईल हेही सांगता येत नव्हते. अँगस यांनी जाण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांनी आधी नकार दिला. जाणे म्हणजे निश्चित मृत्यू, असे त्यांना बजावण्यात आले. मरण आज आले काय किंवा नंतर आले काय, त्याने फारसा फरक पडत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. अखेर परवानगी मिळाली. त्यांच्या कमरेला दोर बांधण्यात आला. ते मारले गेले किंवा जबर जखमी झाले तर निदान त्यांना ओढून आणता यावे, एवढाच त्या दोराचा हेतू होता.

दोन्ही खंदकांमधील अंतर सत्तर यार्डांच्या आसपास होते. फुटबॉलच्या मैदानाच्या लांबीपेक्षाही कमी. भर दिवसा, जमिनीला छाती लावून, खाचखळग्यांचा आणि सुरुंगाने उडालेल्या मातीच्या ढिगांचा आडोसा घेत अँगस ते ओलांडून मार्टिनपर्यंत पोहोचले, आणि तोवर शत्रूला त्यांचा सुगावा लागला नव्हता. त्यांनी स्वतःचा दोर सोडून मार्टिन यांना बांधला आणि त्यांना थोडी ब्रँडी पाजली. त्यानंतर ते त्यांना उठवून आधार देऊ लागले तेव्हा जर्मनांना चाहूल लागली. हातबाँब येऊ लागले. अँगस यांनी स्वतःचे अंग मार्टिन आणि शत्रू यांच्यामध्ये ठेवले. काही पावले दोघे मिळून सरकले. पण अँगस यांना एकामागून एक जखमा होत गेल्या. तेव्हा त्यांनी आपल्या खंदकाला खूण करून मार्टिन यांना दोराने ओढून घ्यायला सांगितले.

आता त्यांच्या स्वतःजवळ दोर नव्हता. ते मार्टिन यांच्या मागोमाग सरळ न जाता बाजूला, खंदकाला काटकोन होईल अशा दिशेने निघाले. त्यामुळे जर्मनांचा मारा त्यांच्याकडे वळला आणि दोराच्या टोकाचा माणूस सुटला. वाटेत आणखी बाँब फुटले. तरीही ते आपल्या खंदकात परतले.

त्या दिवशी शनिवार होता. आदल्या वर्षी याच वारी ते विशॉच्या संघाचे नेतृत्व करीत होते.

व्हिक्टोरिया क्रॉस

व्हिक्टोरिया क्रॉस हा सन्मान १८५६ मध्ये सुरू झाला. मराठी वाचकांना तो प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर पराक्रम गाजविणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे (१९४४) आणि शिपाई नामदेव जाधव (१९४५) यांच्यामुळे परिचित आहे. जाधव यांची कामगिरी अँगस यांच्या कामगिरीची आठवण करून देणारी आहे. त्यांनीही शत्रूच्या माऱ्याखालून जखमी साथीदारांना उचलून आणले होते.

अँगस यांच्या सन्मानाची घोषणा लंडन गॅझेटच्या २९ जून १९१५ च्या अंकात झाली. ते स्वेच्छेने खंदक सोडून गेले, शत्रूच्या माऱ्यातून सुटण्याची त्यांना कोणतीही शक्यता नव्हती आणि या कामी त्यांना बाँबच्या सुमारे चाळीस जखमा झाल्या, त्यांतील काही अतिशय गंभीर होत्या, असा त्या घोषणेचा आशय आहे. जखमी अधिकारी त्यांच्याच गावचा होता, हे मात्र त्या सरकारी मजकुरात कोठेही नाही. कार्लूकमध्ये ही हकीकत सांगताना सुरुवात नेमकी तेथूनच होते.

डावा डोळा आणि उजव्या पावलाचा काही भाग त्यांनी गमावला होता. ३० ऑगस्ट १९१५ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात राजे पंचम जॉर्ज यांनी त्यांना पदक प्रदान केले. त्या भेटीचा एक किस्सा स्कॉटलंडमध्ये आवर्जून सांगितला जातो. राजाने चाळीस जखमांचा उल्लेख केला तेव्हा अँगस म्हणाले, होय, पण त्यांतल्या तेराच गंभीर होत्या. हे उत्तर शब्दशः असेच होते की सांगणाऱ्यांनी त्याला थोडे घासूनपुसून घेतले, हा भाग वेगळा. पण खाणीतल्या माणसांची बोलण्याची ढब त्यात आहे. संकटाचे मोजमाप कमी करून सांगणे हा त्या वस्त्यांचा शिष्टाचारच होता.

कार्लूकला परतल्यावर गावाने त्यांचे जंगी स्वागत केले. लेफ्टनंट मार्टिनही त्या स्वागताला उपस्थित होते.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणाऱ्या फुटबॉल खेळाडूंत ब्रॅडफर्ड पार्क अ‍ॅव्हेन्यू या क्लबचे डोनाल्ड बेल यांचे नाव बहुधा अँगस यांच्या जोडीने घेतले जाते. बेल यांनी ५ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत पराक्रम केला आणि पाचच दिवसांनी, १० जुलै रोजी ते मारले गेले. पदकाची घोषणा त्यांच्या मृत्यूनंतर झाली. अँगस मात्र त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे जगले, आणि त्यांच्या चरित्रातला हा दीर्घ भाग बहुतेक लेखांत चार ओळींत संपतो.

उत्तरायुष्य

युद्धातून परतलेल्या खेळाडूसमोर जो प्रश्न उभा राहतो, तो अँगस यांच्यासमोर दुहेरी होता. एका डोळ्याने आणि अर्ध्या पावलाने फुटबॉल खेळता येत नाही. खाणीतही पूर्वीसारखे काम करता येत नाही. म्हणजे त्यांना येत असलेले दोन्ही धंदे एकाच दुपारी संपले होते, तेही वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. पदकाबरोबर मिळणारा मान पोटाला पुरत नाही. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पदके गहाण ठेवणाऱ्या किंवा विकणाऱ्या सैनिकांची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

अँगस यांच्यावर ती वेळ आली नाही. पुढे त्यांनी रेसकोर्स बेटिंग कंट्रोल बोर्डात ‘मास्टर ऑफ वर्क्स’ या पदावर, म्हणजे बांधकाम व दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करणारे अधिकारी म्हणून नोकरी केली. हे मंडळ १९२८ च्या कायद्याने घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांचे नियमन करण्यासाठी स्थापन झाले होते.

फुटबॉल त्यांनी सोडले नाही. फुटबॉलच्या दुसऱ्या बाजूला ते गेले. कार्लूक रोव्हर्स या गावच्या ज्युनियर क्लबचे ते अध्यक्ष झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. ज्युनियर क्लबाचे अध्यक्षपद हे मिरविण्याचे पद नसते. मैदानाचे गवत, तुटलेले कुंपण, पावसाने रद्द झालेला सामना, गोळा न झालेली वर्गणी, शेजारच्या गावच्या क्लबाने पळविलेला खेळाडू, असल्याच गोष्टींत अध्यक्षाची वर्षे जातात. सेल्टिकमधील त्यांचा मुक्काम जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. त्यांच्या चरित्राचे शीर्षक कोणत्या क्लबाच्या नावाने असावे, याचा विचार या हिशेबाने झाला पाहिजे.

दरवर्षीची तार

अँगस आणि मार्टिन यांचा संबंध १२ जून १९१५ ला संपला नाही. दरवर्षी १२ जून या दिवशी मार्टिन अँगस यांना तार पाठवीत. मजकूर बारा तारखेबद्दल अभिनंदन करणारा, एका ओळीचा असे. त्या काळी तारेचे पैसे शब्दांवर आकारले जात, त्यामुळे तार लहान असणे स्वाभाविकच. पण दोघांमध्ये त्याहून अधिक बोलण्याची गरजही नसावी. हा क्रम चाळीस वर्षे चालला. १९५६ मध्ये मार्टिन यांचे निधन झाले. त्यानंतरच्या जूनमध्येही तार आली. ती मार्टिन यांच्या भावाने पाठविली होती, आणि पुढेही त्याने हा क्रम राखला.

अँगस यांचे निधन १४ जून १९५९ रोजी, म्हणजे गिव्हन्शीच्या घटनेला चव्वेचाळीस वर्षे पूर्ण झाल्यानंतर दोन दिवसांनी झाले. त्यांचे वय ७१ होते. कार्लूकच्या विल्टन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

कार्लूकचे तीन मानकरी

इतक्या लहान गावाच्या वाट्याला तीन व्हिक्टोरिया क्रॉस आले, हा कार्लूकच्या अभिमानाचा विषय आहे. अँगस यांच्यानंतर सार्जंट थॉमस कॉल्डवेल यांना ३१ ऑक्टोबर १९१८ रोजी बेल्जियममधील औडेनार्डेजवळ केलेल्या कामगिरीबद्दल हा सन्मान मिळाला. एकट्याने एका शेतघरावर चालून जाऊन त्यांनी १८ शत्रुसैनिक कैद केले होते. तिसरे मानकरी लेफ्टनंट डोनाल्ड कॅमेरॉन. २२ सप्टेंबर १९४३ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्यावरील खाडीत शिरून ‘टिरपिट्झ’ या जर्मन युद्धनौकेखाली स्फोटके ठेवणाऱ्या एक्स-६ या छोट्या पाणबुडीचे ते कप्तान होते. कॉल्डवेल आणि कॅमेरॉन यांचा जन्म कार्लूकचाच. अँगस मात्र जन्माने आर्माडेलचे असल्याने दोन्ही गावे त्यांच्यावर हक्क सांगतात.

अँगस यांचे पदक एडिंबराच्या किल्ल्यातील राष्ट्रीय युद्ध संग्रहालयात ठेवलेले आहे.